चॉकलेट-मिठाईची टपाल तिकिटं: संग्रह कसा सुरू करायचा, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं

या विषयात नव्या संग्राहकांच्या चुका ठरलेल्या असतात. गोड दिसलं की तिकीट घेतात, अल्बम आधी विकत आणतात, वासाचं तिकीट पाण्यात टाकतात आणि पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या ठेवून उरलंसुरलं घालवतात. वर्षभराने एक डबा भरतो, पण त्याला संग्रह म्हणता येत नाही. बहुतेक वेळा पैसे कमी पडलेले नसतात, कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी सीमा ठरवायची, मग यादी, मग साहित्य, मग खरेदी. पानं सर्वात शेवटी.

टप्पा १: सीमा आखा

'गोड पदार्थांची तिकिटं' हा विषय फार मोठा आहे. यात ऊस येतो, मध येतो, केक येतो, दिवाळीचा फराळही येतो. म्हणून पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहा: काय घेणार, काय घेणार नाही, कशावर नंतर विचार करणार.

चालतील अशा काही सीमा:

- फक्त कोको आणि चॉकलेट: झाडापासून वडीपर्यंत.
- फक्त साखरेच्या गोळ्या, लॉलीपॉप, कँडी.
- भारतीय मिठाई.
- फक्त सुगंधी तिकिटं, त्यांत चॉकलेट हे एक प्रकरण.

पहिल्या संग्रहासाठी कोको-चॉकलेट सर्वात सोयीचं. त्याला सुरुवात आणि शेवट आहे, शेतीपासून सणापर्यंत प्रकरणं आपोआप पडतात आणि स्वस्त तिकिटं भरपूर मिळतात. फक्त कँडी घेतली तर तिसऱ्या पानावर साहित्य आटतं. भारतीय मिठाई मोहाची आहे, पण तिला आधार एका मोठ्या संचाचा. भारतीय टपाल खात्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये खाद्यपदार्थांवर २४ तिकिटं काढली, प्रत्येकी ५ रुपयांची. त्यांत मोदक, मोतीचूर लाडू, पेठा, पोहे-जलेबी आहेत. त्याच संचात वडापावही आहे. संच पूर्ण म्हणून वडापाव पानावर लावायचा की नाही, हे सीमा ठरलेली नसेल तर सुटत नाही. (लावू नये. उरलेली तिकिटं स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं सुटी खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वहीत, राहू द्या.)

सीमा ठरली की प्रत्येक तिकीट तीनपैकी एका टोपलीत टाका. *थेट*: चित्राचा मुख्य विषयच चॉकलेट किंवा कँडी. *कडेचं*: मुख्य विषय दुसरा, पण गोड पदार्थ स्पष्ट दिसतो. *संदर्भाचं*: चित्रात गोड काहीच नाही, पण संबंध सांगता येतो. तिसऱ्या टोपलीचं उदाहरण म्हणजे स्वीडनची लिनियसवरची तिकिटं. कोकोच्या झाडाला 'थिओब्रोमा ककाओ' हे शास्त्रीय नाव त्याने १७५३ मध्ये दिलं. एवढं एक वाक्य लिहिता आलं तर तिकीट पानावर शोभतं, नाही तर परक्या माणसाचं चित्र म्हणून उभं राहतं.

सावधान: पहिली ५० तिकिटं होईपर्यंत तिसऱ्या टोपलीतून चार-पाचांपेक्षा जास्त घेऊ नका. तिथेच संग्रह भरकटतो.

टप्पा २: खरेदीआधी यादी

यादी म्हणजे वहीतली नावं नव्हेत. स्प्रेडशीट उघडा आणि हे रकाने करा: देश, निघाल्याची तारीख, दर्शनी किंमत, चित्राचा विषय, संचात एकूण किती तिकिटं, कॅटलॉगचं नाव आणि क्रमांक, टोपली, अवस्था, दिलेली किंमत, कुणाकडून घेतलं. सुगंधी तिकिटांसाठी एक जास्तीचा रकाना ठेवा: वास शेवटचा कधी तपासला.

स्टॅनली गिबन्स, स्कॉट, मिशेल आणि इव्हेर हे चार प्रमुख कॅटलॉग. प्रत्येकाचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे नुसतं 'क्रमांक ३८३३' लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी तो कुठल्या कॅटलॉगचा हे आठवत नाही. कॅटलॉगचं नाव नेहमी क्रमांकाच्या आधी. ऑनलाइन शोधायला कोलनेक्ट या संकेतस्थळावर विषयवार शोध सोयीचा आहे. 'चॉकलेट'सोबत 'कोको', 'कँडी', 'कन्फेक्शनरी', 'डेझर्ट' हे शब्दही इंग्रजीत टाकून बघा. तिकिटाला विषय लावणारा माणूस प्रत्येक वेळी वेगळा असतो.

यादीच्या आरंभी ही तिकिटं ठेवा, म्हणजे विषयाचा आवाका कळतो:

- गोल्ड कोस्ट, १९४८: ६ पेन्सवर कोकोचा शेतकरी, १ शिलिंगवर कोकोच्या शेंगा फोडण्याचं काम.
- स्वित्झर्लंड, २००१: ९० सेंटिमचं चॉकलेटच्या वासाचं तिकीट. तिथल्या चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेच्या शताब्दीनिमित्त निघालं. तिकीट म्हणजे चॉकलेटचा एक तुकडा, १५ तिकिटांचं शीट म्हणजे अख्खी वडी, आणि वर चंदेरी वेष्टन.
- अमेरिका, २००४: ३७ सेंटचं 'लव्ह' तिकीट, त्यावर अक्षरं उमटवलेल्या साखरेच्या दोन बदामी गोळ्या.
- फ्रान्स, २००९: चॉकलेटच्या वडीसारखं दिसणारं १० तिकिटांचं सुगंधी शीट. बायोन शहरात चॉकलेट येऊन ४०० वर्षं झाली म्हणून.
- बेल्जियम, २०१३: पाच तिकिटं. वास छपाईत, चव मागच्या डिंकात.
- अमेरिका, २०१८: खरवडून वास घ्यायची आइसकँडीची तिकिटं.
- कॅनडा, २०१९: पाच गोड पदार्थांचा संच. त्यातला नानाइमो बार चॉकलेटचा, बाकीचे बहुतेक पाय-टार्टच्या जातीचे.

शेवटच्या दोन नोंदी मुद्दाम घातल्या आहेत. आइसकँडी आणि पाय तुमच्या सीमेत बसतात का? इथे पहिल्या टप्प्यातला कागद काढून बघा. उत्तर लगेच मिळालं नाही तर सीमा पुन्हा लिहा.

तपासा: यादीत किमान २५ नोंदी झाल्या, त्या चार तरी खंडांतल्या देशांच्या आहेत आणि निम्म्याहून जास्त पहिल्या टोपलीतल्या आहेत. मगच पुढे जा.

टप्पा ३: खरं तिकीट ओळखायला शिका

चॉकलेट, मांजरं, कार्टून, आगगाड्या असे लोकप्रिय विषय पाहून काही लोक एखाद्या देशाच्या नावाने तिकिटं छापतात. त्या देशाच्या टपाल खात्याला त्यातलं काही माहीत नसतं. अशा मालाला बेकायदा तिकिटं म्हणतात. रंग झकास, कागद चकचकीत, मिनिएचर शीट मोठं आणि किंमत हवीहवीशी. प्रदर्शनात ती चालत नाहीत, विकायला गेलं तर जाणकार हात लावत नाही.

तपासायचा क्रम असा:

१. चारपैकी एखाद्या कॅटलॉगात क्रमांक आहे का ते बघा. हा सर्वात भक्कम पुरावा.

२. तिकीट २००२ नंतरचं असेल तर जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस नोंदणीत शोधा. इथे एक गफलत होते. सगळे देश या नोंदणीत नाहीत आणि १ जानेवारी २००२ च्या आधीची तिकिटंही नाहीत. सापडलं तर खरं म्हणा, पण सापडलं नाही म्हणून लगेच खोटं म्हणू नका. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीकडे जा.

३. संबंधित देशाच्या टपाल खात्याचं संकेतस्थळ आणि जागतिक टपाल संघाची परिपत्रकं पाहा. कोणती तिकिटं आपली नाहीत हे अनेक देश या परिपत्रकांतून कळवतात.

४. विक्रेत्याला कॅटलॉग क्रमांक विचारा. 'नवीन आहे, अजून यादीत आलं नाही' हे उत्तर ताज्या तिकिटासाठी ठीक. दहा वर्षं जुन्या शीटसाठी तेच उत्तर आलं तर पाकीट बंद करा.

आणखी एक गल्लत म्हणजे जाहिरात-चिकट्या. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या चॉकलेट कंपन्या तिकिटासारख्या दिसणाऱ्या, कडेला दाते असलेल्या चित्रचिकट्या वाटत. कोलोनच्या श्टोलवेर्कसारख्या कंपन्यांची चित्रपत्रंही तेव्हा घरोघरी जमवली जात. या वस्तू सुंदर आहेत, पण त्यांवर देशाचं नाव आणि टपालाची किंमत नसते. टपाल तिकीट म्हणून विकत घेऊ नका. हव्याच असतील तर वेगळ्या वहीत ठेवा.

'माय स्टॅम्प'चंही तेच. वाढदिवसाच्या केकचा किंवा मिठाईच्या दुकानाचा फोटो छापून घेता येतो, पण तो विषय टपाल खात्याने निवडलेला नसतो. गंमत म्हणून एक ठेवा, त्यावर प्रकरण उभं करू नका.

टप्पा ४: साहित्य (तिकिटाच्या आधी)

तिकीट हातात आल्यावर चिमटा शोधायला निघालं की बोटांचे ठसे डिंकावर बसलेले असतात. आधी हे आणून ठेवा:

- पसरट, गुळगुळीत टोकाचा तिकिटांचा चिमटा. भुवयांचा चालत नाही, त्याच्या खाचा कागदात उमटतात.
- १६ पानी स्टॉकबुक, काळ्या पानांचं. पट्ट्या पारदर्शक, पीव्हीसी नसलेल्या.
- १० पट भिंग.
- दाते मोजायची पट्टी, म्हणजे परफोरेशन गेज.
- ग्लासिन पाकिटं, लहान-मोठी मिळून शंभर. दुकानात 'बटर पेपरची पाकिटं' म्हणून मागितली तरी मिळतात, पण स्वयंपाकाचा मेणकागद घेऊ नका.
- सुगंधी तिकिटांसाठी पॉलिएस्टरचे कप्पे.
- टीपकागद, दोन पसरट भांडी, सिलिका जेलच्या पुड्या.

पीव्हीसीची ओळख वासावरून पटते. नवीन शॉवर पडद्यासारखा किंवा प्लॅस्टिकच्या चेंडूसारखा वास आला तर ते पान तिकिटासाठी नाही. त्यातला मऊपणा आणणारा रासायनिक द्रव हळूहळू बाहेर येतो, तिकीट चिकटतं आणि शाई पानावर उतरते. साधे फोटो अल्बम बहुधा याच जातीचे.

अल्बम अजून घ्यायचा नाही. पानं किती लागतील हे आत्ता माहीत नाही.

टप्पा ५: खरेदी

भारतीय तिकिटांसाठी फिलाटेली ब्युरो, म्हणजे टपाल खात्याचं संग्राहकांसाठीचं विक्रीकेंद्र, हाच सरळ रस्ता. मुंबई जीपीओ, पुणे, नागपूर, पणजी इथल्या ब्युरोंत फिलाटेली डिपॉझिट खातं उघडता येतं. किमान २०० रुपये भरायचे. नवी तिकिटं निघाली की ती घरी येतात आणि रक्कम खात्यातून वजा होते. प्रासंगिक तिकिटं मर्यादित छापतात आणि संपली की पुन्हा छापत नाहीत. त्यामुळे २०१७ च्या खाद्यपदार्थांच्या संचासारखी जुनी तिकिटं विक्रेत्याकडूनच घ्यावी लागतात. घेताना तिकिटासोबतचं माहितीपत्रक, म्हणजे ब्रोशरही मागा. वेगळं शोधायला गेलं तर दमछाक होते.

परदेशी तिकिटांसाठी ईबे, डेलकॅम्प, किंवा मुंबई-पुण्यातले विक्रेते. ऑनलाइन घेताना पाठीचा फोटो मागितल्याशिवाय पैसे भरू नका. पुढून सगळीच तिकिटं देखणी असतात. वर्णनातले हे शब्द पक्के करा:

*मिंट, न जोडलेलं* (एमएनएच): डिंक पूर्ण, हिंजचा (तिकीट पानावर लावायच्या छोट्या चिकटपट्टीचा) डाग नाही.
*हिंज लागलेलं*: डिंकावर पूर्वीच्या चिकटपट्टीची खूण. किंमत बरीच कमी हवी.
*वापरलेलं*: टपालातून गेलेलं.
*सीटीओ*: टपाल खात्यानेच शिक्का मारून संग्राहकांना विकलेलं. ओळख सोपी: शिक्का नेमका कोपऱ्यात आणि मागे डिंक शाबूत.

गोल्ड कोस्टसारखी जुनी तिकिटं वापरलेली घेतली तरी चालतं, उलट एखादा स्पष्ट गोल शिक्का शोभा वाढवतो. सुगंधी तिकिटं मात्र मिंटच घ्या, आणि शक्य तिथे पूर्ण शीट. स्वित्झर्लंडच्या शीटचं चंदेरी वेष्टन नसेल तर अर्धी मजा गेली. विक्रेत्याला ते वेगळं विचारा, कारण पुष्कळांनी चॉकलेट समजल्यासारखं वेष्टन फाडून टाकलेलं असतं.

अमेरिकेत, कॅनडात किंवा बेल्जियममध्ये नातेवाईक असतील तर त्यांना 'तिकिटं पाठव' असं मोघम सांगू नका. नेमकं लिहून द्या: कोणतं तिकीट, कोरी किती, आणि एका पाकिटावर तेच लावून पोस्टाच्या खिडकीवर हाताने शिक्का मारून घे. यंत्राच्या लाटांसारख्या शिक्क्याने चित्र झाकलं जातं. असं खरं प्रवास करून आलेलं पाकीट पानावर चार कोऱ्या तिकिटांना भारी पडतं.

सावधान: 'चॉकलेट थीम, १०० वेगवेगळी' अशी पुडी स्वस्तात दिसते. त्यात सीटीओचा आणि तिसऱ्या टप्प्यातल्या संशयास्पद शीटांचा भरणा असतो. घ्यायचीच तर एकच, हात बसवायला.

टप्पा ६: पाकीट उघडल्यावर

टेबल कोरडं, हात धुऊन पुसलेले, पंखा बंद. हो, पंखा बंदच. उडालेलं तिकीट पकडताना जेवढे दाते मोडतात तेवढे टपालात मोडत नाहीत.

तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवा. आधी चारही कोपरे, मग दाते: आखूड, ओढलेला किंवा कापलेला दाता काळ्यावर लगेच दिसतो. मग पाठ: पातळ झालेली जागा प्रकाशासमोर उजळ दिसते. शेवटी घडी. तिकीट भिंगाखाली तिरकं धरा, डिंकावर रेष चमकली की समजा.

गोल्ड कोस्टची कोको तिकिटं इथे हमखास फसवतात. १९४८ च्या ६ पेन्सवर सहाव्या जॉर्जचं चित्र आहे. १९५२ नंतरच्या मालिकेत चित्र तेच, फक्त राजाच्या जागी एलिझाबेथ. आणि १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा याच तिकिटांवर नवं नाव 'घाना' आणि ६ मार्च १९५७ ही तारीख छापून ती वापरात आणली. म्हणजे एकाच कोको शेतकऱ्याची तीन तिकिटं, आणि शेंगा फोडणाऱ्यांचीही तीन. विक्रेत्याने 'गोल्ड कोस्ट, कोको' एवढंच लिहून पाठवलेलं असतं. आधी कोपऱ्यातला चेहरा बघा, मग वरची छपाई, मग यादीत नोंद करा. तिन्ही मिळवून ओळीने लावली तर एका ओळीत वसाहत ते स्वातंत्र्य उभं राहतं आणि कोको तिथेच राहतो. हे पान महाग नाही, पण बघणारा तिथे थांबतो.

नोंद झाली की तिकीट स्टॉकबुकात. 'नंतर लिहू' म्हणून पाकिटासकट ठेवलेलं तिकीट दुसऱ्यांदा विकत घेतलं जातं, हे ठरलेलं.

टप्पा ७: पाकिटावरून तिकीट सोडवणं

कात्री हातात घेण्याआधी पूर्ण पाकीट बघा. पाठवणारी चॉकलेट कंपनी असेल, फ्रँकिंग मशीनच्या ठशात चॉकलेटची जाहिरात असेल किंवा तिकिटात कंपनीची आद्याक्षरं बारीक छिद्रांनी टोचलेली असतील तर कापूच नका. ते पाकीट तिकिटापेक्षा मोलाचं. भारतातली मेघदूत पोस्टकार्डंही तशीच, त्यांच्यावर जाहिराती छापलेल्या असतात. विषयाशी जुळणारी दिसली तर अख्खी ठेवा.

बाकीच्यांसाठी:

१. तिकिटाभोवती अर्धा ते एक सेंटिमीटर कागद ठेवून कापा. दात्यांच्या अगदी जवळून नाही.

२. लाल, जांभळी, गडद पाकिटं वेगळी काढा. त्यांचा रंग सुटतो आणि एक गुलाबी तुकडा भांड्यातली सगळी तिकिटं गुलाबी करतो. ती एकेक करून, गार पाण्यात.

३. कोमट पाण्यात, चित्र वर ठेवून, १५ ते ३० मिनिटं. तिकीट आपोआप सुटलं पाहिजे. ओढायचं नाही. सुटत नसेल तर आणखी वेळ द्या.

४. दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून पाठीवरचा डिंक बोटाच्या पोटाने अलगद काढा. उरलेला डिंक वाळताना टीपकागदाला चिकटतो.

५. टीपकागदावर पालथं ठेवा. ओलसर असतानाच दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये घालून वर जाड पुस्तकं, रात्रभर.

अलीकडची अमेरिकी स्वयंचिकट तिकिटं पाण्यात सुटत नाहीत. तासभर भिजवून ओढलं की चित्राचा थर निघून येतो. २००४ च्या बदामी गोळ्या किंवा २०१८ ची आइसकँडी वापरलेली मिळाली तर कागदासकट नीट चौकोनी कापून तशीच ठेवा.

सावधान: सुगंधी, चकचकीत मुलाम्याचं किंवा वर काही चिकटवलेलं तिकीट पाण्यात कधीच नाही. जुन्या तिकिटाचं जलचिन्ह बघायला वापरतात तो बेन्झिनसारखा द्रवही त्यांच्यासाठी वर्ज्य.

टप्पा ८: वासाची तिकिटं

सर्वात जास्त नुकसान इथेच होतं, कारण वास नेमका कुठे असतो हे माहीत नसतं. सुगंधी तेल अतिसूक्ष्म कोशांत भरून ते कोश छपाईच्या शाईत किंवा वरच्या वार्निशच्या थरात मिसळलेले असतात. बोटाने घासलं की काही कोश फुटतात आणि वास येतो. फुटलेला कोश पुन्हा भरत नाही. प्रत्येक पाहुण्याला 'वास घेऊन बघ' म्हणत तिकीट घासायला दिलं तर थोड्याच दिवसांत नुसता कागद उरतो. न घासताही वास हळूहळू उडतो, उष्णतेने लवकर.

म्हणून नियम: प्रत्येक सुगंधी तिकीट दोन. एक घासायचं, एक कधीच घासायचं नाही. घासायच्या तिकिटावरही जागा ठरवा. एकाच कोपऱ्यात, कोरड्या बोटाच्या पोटाने, एकदाच पुढे आणि एकदाच मागे. नखाने नाही. वास आला की त्या दिवसाची तारीख यादीत लिहा आणि वर्षभर पुन्हा हात लावू नका.

हात बसवायला स्विस किंवा बेल्जियन तिकीट वापरू नका. भारतीय टपाल खात्याची चंदन (२००६), गुलाब (२००७) आणि कॉफी (२०१७) ही सुगंधी तिकिटं इथे सहज सापडतात. चंदनाचं १५ रुपयांचं एक सुटं तिकीट घेऊन आधी त्यावर शिका.

साठवण:

- प्रत्येक सुगंधी तिकीट वेगळ्या पॉलिएस्टर कप्प्यात. दोन सुगंध एका कप्प्यात ठेवले की कॉफी-गुलाब अशी खिचडी होते.
- साध्या तिकिटांच्या समोरच्या पानावर नाही. वास आणि तेल दोन्ही शेजाऱ्याकडे जातात.
- सपाट ठेवा, पण वर वजन नको. दाबानेही कोश फुटतात. शीट गुंडाळायचं नाही, दुमडायचं नाही.
- देवघर, मसाल्याचं कपाट, अत्तराचा खण यांपासून दूर. उदबत्तीचा वास कागद चटकन धरतो.

बेल्जियमच्या २०१३ च्या संचाला एक जास्तीची काळजी. त्याची चव मागच्या डिंकात आहे, म्हणजे हे तिकीट पुढून आणि मागून दोन्हीकडून नाजूक. हिंज लावायचा प्रश्नच नाही, आणि दमट हवेत कप्प्याला चिकटलं की चव आणि किंमत एकदम जातात. डिंक खाली आणि त्याखाली ग्लासिनचा तुकडा, असं ठेवा. चाटून बघायचा मोह होतोच. त्यासाठी फाटक्या दात्याचं एखादं सुटं तिकीट स्वस्तात शोधा.

तपासा: कप्पा उघडल्यावर प्लॅस्टिकचा किंवा कुबट वास आला तर तिकीट लगेच नव्या कप्प्यात हलवा. चॉकलेटचा वास कमी झाला म्हणून वर एसेन्स शिंपडणारेही आहेत. त्याने डाग पडतो आणि तिकीट खराब मालात जमा होतं.

टप्पा ९: पानं लावणं

आता अल्बम. ए-४ आकाराची, आम्लरहित, जाडसर पानं आणि चार कड्यांची फाइल पुरते. एका प्रदर्शन-फ्रेममध्ये अशी १६ पानं बसतात, म्हणून पहिलं लक्ष्य १६ पानांचंच ठेवा. कोकोसाठी आराखडा असा चालतो: शीर्षक आणि आराखडा १, झाड आणि शेंग ३, शेतकरी आणि तोडणी ३, बंदर आणि व्यापार २, कारखाना २, वडी आणि पेटी २, सण आणि भेट २, सुगंधी तिकिटं १. एखाद्या प्रकरणात साहित्य कमी पडलं तर प्रकरण गाळा. मोठ्या अक्षरांत मजकूर लिहून पान भरू नका.

तिकिटं आधी पानावर नुसती मांडून फोटो काढा. दोन दिवसांनी पुन्हा बघा, मगच मजकूर छापा. इंकजेटची शाई पूर्ण वाळायला एक दिवस द्या. माउंट (तिकीट आत सरकवून पानावर लावायचा पारदर्शक कप्पा) तिकिटापेक्षा प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर मोठा कापा, उघडी बाजू वर. माउंटच्या पाठीला पाणी लावताना फक्त वरची कड ओलसर करा. पाणी आत उतरलं की डिंक माउंटला चिकटतो आणि मिंट तिकीट मिंट राहत नाही.

मजकूर दोन प्रकारचा, दोन वेगळ्या अक्षरशैलींत. एक विषयाचा: शेंग थेट खोडावर का लागते, बिया का आंबवतात. दुसरा तिकिटाचा: छपाईचा प्रकार, दाते, वरची छपाई, शिक्क्याचं गाव. नवखे फक्त पहिला लिहितात आणि पान शाळेच्या प्रकल्पासारखं होतं.

महापेक्ससारख्या प्रदर्शनात उतरायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: आंतरराष्ट्रीय नियमांत विषयवार संग्रहाला १०० पैकी मांडणीच्या देखणेपणाचे गुण फक्त ५. आराखडा, विकास आणि नावीन्य मिळून ३५, ज्ञान ३०, अवस्था आणि दुर्मिळता ३०. रंगीत किनारी आणि चॉकलेटी पार्श्वभूमीवर महिने घालवणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत. पान पांढरं किंवा फिकट पिवळसर, बस्स.

टप्पा १०: पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर अल्बम उघडायचाच नाही, असं ठरवलं तर निम्मी संकटं टळतात. डिंक हवेतली वाफ ओढतो, वळतो, चिकटतो. कागदावर तपकिरी ठिपके येतात, त्याला संग्राहक 'गंज' म्हणतात. एकदा आलेला गंज शेजारच्या तिकिटांवरही पसरतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळी पानं तपासा. ठिपके दिसलेलं तिकीट लगेच वेगळं करा. अल्बम उभे ठेवा, सैलसर. एकावर एक रचले तर खालच्याचा डिंक दाबाने चिकटतो. लोखंडी कपाट चालेल, पण बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेलं नको. प्रत्येक फाइलच्या पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा, पानांना न टेकवता. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात.

डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि चॉकलेटच्या तिकिटाला कायमचा डांबराचा वास लागतो. कसर डिंक खायला येते हे खरं, पण तिच्यावर उपाय म्हणजे कोरडेपणा आणि महिन्यातून एकदा कपाटाचे कोपरे पुसणं. कपाटात बिस्किटं किंवा खरं चॉकलेट ठेवू नका. मुंग्या तिकिटाच्या चित्राने फसत नाहीत, पण बेल्जियमच्या डिंकाची खात्री देता येत नाही.

ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की एक दुपार काढून, उन्हात नव्हे तर सावलीत, पंखा बंद ठेवून एकेक पान उलटा. सुगंधी कप्पे उघडा, नुसतं हुंगा, घासू नका, आणि यादीत तारीख टाका.